नाला क्रमांक चौदाचं बारसं

नाम घ्यावं, मोठ्यानं घ्यावं, टाळ्या वाजवून घ्यावं असं सांगणारे जगात पुष्कळ आहेत, आणि ते खरंच सांगतात. पण नाम न घेण्यातही तितकीच भक्ती असते आणि ती घेण्याहून कितीतरी कठीण असते. हे ज्याला पाहायचं असेल त्यानं विलबर्न फ्लॅट गावात, बँक्सिया गल्लीतल्या अठरा नंबरच्या घरी, सकाळी सात वाजता डोकावावं. तिथं क्लेम टर्नबी नावाचा चौऱ्याहत्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमास्तर रोज दोन कप चहा ओतायचा. मागच्या दाराशी जाऊन बागेकडे तोंड करायचा, हाक मारायला तोंड उघडायचा, आणि मिटायचा. मग दोन्ही कप स्वतःच प्यायचा. दुसरा कप नेहमी गार झालेला असे.

असे चौदा महिने झाले होते. बायको जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत गेली. आणि तिच्या लोकांत, म्हणजे त्या भूमीच्या मूळ लोकांत, माणूस गेलं की त्याचं नावही त्याच्याबरोबर विसाव्याला जातं. घरातल्या, गणगोतातल्या कुणी ते उच्चारायचं नाही. उच्चारलं तर वाटेला लागलेला जीव हाक ऐकून मागं वळतो, आणि त्याचा पाय अडकतो. किती दिवस पाळायचं? घरातलं थोरलं माणूस सांगेल तोवर. हल्ली सगळीकडे हे पाळतात असं नाही. कुणी महिनाभर पाळतं, कुणी मुळीच नाही. पण ह्या घरात पाळत, कारण ह्या घरातलं थोरलं माणूस म्हणजे क्लेमची थोरली मेहुणी, हेझल आंटी होती. एकोणऐंशी वर्षांची, काठी टेकत चालणारी. ती काठी तिला चालायला किती लागे आणि दुसऱ्यांना चालवायला किती लागे, ह्यावर गावात दोन मतं होती.

हेझल आंटीच्या नातीचं नाव क्लेमच्या बायकोवरूनच, म्हणजे तिच्या धाकट्या आजीवरूनच ठेवलेलं. झालं! नात त्या दिवसापासून ‘छोटी’ झाली. छोटी सहा फूट उंच आहे आणि बँकेत मॅनेजर आहे. तिनं टेबलावरची नावाची पाटीसुद्धा खणात ठेवली.

आता घराच्या मागच्या कुंपणापलीकडे एक ओढा होता. बायकोची आजी त्याच्याच काठावर, एका वाकड्या निलगिरीच्या बुंध्याशी जन्मली होती. तिनं ओढ्याचं जुनं नाव आपल्या ह्या धाकट्या नातीला दिलं. नात गेली, नाव विसाव्याला गेलं, आणि ओढ्यावर उरली ती काउन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, लोखंडी पाटी: ‘पूरपाणी नाला क्र. १४. कचरा टाकू नये.’

ते जुनं नाव काय, असं तुम्ही विचाराल. जरा दम धरा. हेझल आंटी सांगत नाही तोवर आपणही घ्यायचं नाही. आपण काय तिच्यापेक्षा मोठे लागून गेलो?

सप्टेंबरात काउन्सिलचं पत्रक आलं. बिननावाच्या ओढ्यानाल्यांना मूळ लोकांच्या भाषेतली नावं द्यायची आहेत, नागरिकांनी सुचवावीत, सोबत चार पानी अर्ज. क्लेमनं पत्रक वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. त्याच्या डोक्यात एक विचार आला. विचार इतका सोयीचा होता की तो पापाचा असणार हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

बायकोचं नाव घ्यायला बंदी आहे, पण ओढ्याचं नाव ओढ्याचं आहे. ते तिच्या आधीचं, तिच्या आजीच्याही आधीचं. शिवाय आपण ते बोलणार कुठं? लिहिणार! अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाची एक श्रद्धा असते: पाकिटात घातलेली गोष्ट बोललेली नसते. आणि तिसरं म्हणजे काउन्सिल. क्लेमनं कोपऱ्यावरच्या बसथांब्याला छप्पर मागितलं तेव्हा त्याचे केस काळे होते. छप्पर आलं तेव्हा ती बसच बंद झाली होती. त्या हिशेबानं नाव मंजूर व्हायला तीन वर्षं कुठं गेली नाहीत. तोवर हेझल मोकळीक देईल. मग एका सकाळी ओढ्यावर पाटी लागेल, आणि मागच्या दारात उभं राहून मोठ्यानं पाटी वाचणाऱ्या माणसाला कोण काय म्हणणार?

त्यानं अर्ज भरला. नवव्या रकान्यात प्रश्न होता: ‘ह्या नावाशी अर्जदाराचा संबंध’. तिथं त्यानं एक शब्द लिहिला, खोडला, दुसरा लिहिला, तोही खोडला, आणि शेवटी लिहिलं, ‘शेजारी’. मग पहिल्या पानावर परत येऊन मोठ्या अक्षरांत ते नाव लिहिलं. सावकाश, पत्ता चुकू नये म्हणून पोस्टातला माणूस लिहितो तसं. चौदा महिन्यांनी ते नाव त्या घरात पुन्हा हजर झालं. क्लेम बराच वेळ त्याच्यासमोर बसला. सार्जंट, म्हणजे त्याचा म्हातारा, करड्या ठिपक्यांचा कुत्रा, पायाशी येऊन टेबलाकडे बघत राहिला. मग क्लेमनं पाकीट चिकटवलं आणि रजिस्टर्ड केलं.

काउन्सिलचं उत्तर अकराव्या दिवशी आलं.

अकराव्या दिवशी! ज्या कचेरीला एक खड्डा बुजवायला दोन निवडणुका लागतात, तिनं आयुष्यात एकदाच तत्परता दाखवली आणि ती नेमकी क्लेम टर्नबीच्या बाबतीत. दैव म्हणतात ते हेच. वारसा विभागातल्या फिबी नावाच्या मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रिय अंकल क्लेम, नाव इतकं सुंदर आहे की वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विषय पुढच्याच महिन्याच्या सभेत घेत आहोत. नागरिकांच्या माहितीसाठी तुमच्या गल्लीत सूचनापत्रकं लावली आहेत.’

क्लेम चपला न घालता बाहेर धावला. बँक्सिया गल्लीत विजेचे तेवीस खांब आहेत. तेवीसच्या तेवीस खांबांवर, वीतभर उंचीच्या अक्षरांत, ते नाव.

आणि तो रविवार होता: पत्र आदल्या दिवशीच पेटीत पडलं होतं, त्यानं उघडलं ते आज. चर्च सुटलं की साडेबाराला हेझल आंटी जेवायला यायची होती. ओव्हनमध्ये मटण आणि भोपळा होता. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं.

सरकारी सूचना फाडणं हा गुन्हा. पोस्टमास्तरानं आयुष्यात कायदा मोडला नव्हता. पण सरकारी सूचनेवर दुसरं काही चिकटवणं? त्याबद्दल नियम त्याला आठवेना, आणि नियम आठवत नाही तिथं माणूस मोकळा. गल्लीतल्या खांबावर माणसं कशाचे कागद चिकटवतात? एकतर जुन्या सामानाच्या विक्रीचे, नाहीतर हरवलेल्या कुत्र्याचे. विकायचं काही नव्हतं. कुत्रा होता.

सार्जंटचा फोटो घरात एकच, आणि त्यात तो तिच्या मांडीशी बसलेला. गेलेल्या माणसाचा फोटोही दाखवायचा नाही. क्लेमनं कात्री घेतली. तिला फोटोतून कापताना त्यानं डोळे किलकिले केले, त्यामुळे काम नीट झालं नाही: सार्जंटच्या डोक्यावर चार बोटं राहून गेली. छोटीनं घेऊन दिलेल्या यंत्रातून तेवीस प्रती निघाल्या. खाली लिहिलं, ‘हरवला आहे. गरीब स्वभाव. सार्जंट ह्या नावाला ओ देतो.’ नाव लिहिताना त्याच्या मनात आलं, कुत्र्याचं नाव तेवीस खांबांवर लावायला मोकळीक आहे बघा.

सातव्या खांबाशी शेजारच्या वीस नंबरच्या नॉर्म पॉटिंजरनं त्याला गाठलं. नॉर्म हा निवृत्त घरदलाल. जगातल्या कुठल्याही दुःखावर त्याच्याकडे सल्ला तयार असे.

“क्लेम! सार्जंट गेला म्हणतोस? कधी?”

“सकाळी,” क्लेम म्हणाला.

“अरेरे! आणि हा कोण?”

क्लेमनं मागं पाहिलं. फाटक उघडं राहिलं होतं. जो सार्जंट आयुष्यात एकटा कुंपणाबाहेर गेला नव्हता, तो धन्याच्या मागं मागं येऊन, सातव्या खांबापाशी मान वर करून, स्वतःच्याच हरवल्याचं पत्रक हुंगत होता.

“हा... ह्याचा भाऊ,” पोस्टमास्तर म्हणाला.

सत्यवचनी माणसाची पहिली थाप नेहमी अशीच बेताची निघते. नॉर्मला ती पटली, हे त्याहून वाईट झालं. त्यानं लगेच गल्लीभर फोन केले. पुढच्या दोन तासांत सार्जंट चार वेळा सापडला. दोनदा जोशी नावाच्या दंतवैद्याच्या बायकोला, एकदा चर्चला निघालेल्या ऑर्गनवाल्याला, आणि एकदा तर स्वतःच्याच अंगणात. नॉर्मनं पलीकडच्या गल्लीतून आणखी एक करडा कुत्रा पकडून आणला, तो कुणाचा हे अजून कळलेलं नाही. बावीस नंबरच्या मिसेस द्रागिच कोबीच्या पानांत खिमा भरून घेऊन आल्या, कारण दुःख कुठलंही असो, त्या तेच करतात.

“माझं कुत्रं युद्धात हरवलं,” त्या म्हणाल्या. “तुझं गल्लीत हरवलं. तरी खा.”

साडेबारा वाजता हेझल आंटीची गाडी पहिल्याच खांबाशी थांबली. छोटी चालवत होती. आंटी उतरली, काठी टेकत खांबापाशी गेली आणि पत्रकाकडे बघत उभी राहिली. क्लेम फाटकातून बघत होता. तिनं कुत्र्याकडे पाहिलंच नाही. तिनं त्या चार बोटांकडे पाहिलं. मधल्या बोटाचं टोक जरा वाकडं होतं, लहानपणी डबाबंद मालाच्या कारखान्याच्या दारात चेंगरलेलं. ते दार हेझलनंच लावलं होतं.

मग तिनं नखानं कागदाचा कोपरा उचलला, आणि खालचं वाचलं.

जेवताना ती एक अक्षर बोलली नाही. मटण खाल्लं, भोपळा खाल्ला, दुसऱ्यांदा वाढून घेतला. माणूस रागावला की जेवत नाही तो राग साधा. जो व्यवस्थित जेवतो, त्याच्या रागाला भ्यावं. ताट पुसून झाल्यावर ती म्हणाली, “क्लेम, तू कुठला?”

“हेझल, मी...”

“कुठला तू? सांग ना! छोटीलाही ऐकू दे.”

“पश्चिमेकडचा. मोठ्या नदीकडचा.”

“किती वर्षं झाली इथं?”

“एकेचाळीस.”

“म्हणजे पाहुणा. पाहुणा येतो, जेवतो, भांडी घासतो. पाहुणा घराला नाव ठेवत नाही! हा ओढा तिचा, माझा, आमच्या आजीचा. त्याच्यासाठी बोलायचा हक्क तिला होता, आता मला आहे. तुला कुणी विचारलं होतं?”

“मी बोललो नाही, हेझल. मी फक्त लिहिलं.”

“आहाहा! पोस्टमास्तर!” आंटीनं काठी आपटली. टेबलाखालून सार्जंट आणि तो दुसरा कुत्रा, दोघेही बाहेर गेले. “ती वाटेत असताना तेवीस वेळा हाक मारलीस तू तिला. तेवीस! खांबागणिक एक!”

क्लेमला एकदम ती दिसली, गल्लीच्या टोकाशी, हातात पिशवी, प्रत्येक खांबाशी वळून बघणारी.

दुसऱ्याच दिवशी त्यानं फिबीला फोन करून अर्ज मागं घेतो म्हणून सांगितलं. फिबी धावत घरी आली. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत पाणी, दोन्ही तयार. हेझल आंटीला तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“आंटी, माझी फार मोठी चूक झाली. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं.”

“हवं होतं,” आंटी म्हणाली. “बिस्किट घे.”

“पण अंकल, अर्ज मागं घेतला तर नियमाप्रमाणे ते नाव दहा वर्षं पुन्हा सुचवता येत नाही. आणि मिस्टर पॉटिंजर ह्यांनी दुसरं सुचवलंय. ‘पेलिकन ब्रूक’. विरोध नसला तर ते लागेल.”

दहा वर्षं. क्लेमनं मनात बेरीज केली. चौऱ्याऐंशी. त्याच्या घराण्यात चौऱ्याऐंशी कुणी पाहिलेलं नव्हतं.

“आणि अर्ज राहू दिला तर?” त्यानं विचारलं.

“तर थोरल्या व्यक्तीनं सभेत उभं राहून ते नाव स्वतः उच्चारायचं. ध्वनिमुद्रण होतं. म्हणजे... आंटींनी.”

आंटीनं बिस्किट चहात बुडवलं. “मी नाही घेणार,” ती म्हणाली. “अजून वेळ झाली नाही.”

“कधी होईल, आंटी?”

“झाली की कळेल.”

“नियमात तारीख लागते हो...”

“मग नियमाला सांग, थोडं थांब म्हणावं.”

असा सगळा पेच होता. हेझलनं नाव घेतलं तर तिचा धर्म बुडतो, न घेतलं तर ओढा पेलिकनांच्या घशात जातो. आणि ह्या सगळ्याचं मूळ, क्लेम टर्नबी, भांडी घासत होता.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी वाचनालयाच्या दालनात सभा भरली. फिबीनं आदर दाखवायचा म्हणजे किती दाखवावा! कार्यक्रमपत्रिकेवर त्या नावाच्या जागी काळी पट्टी. दारावर सूचना: ‘सहाव्या विषयातलं नाव कृपया कुणी उच्चारू नये.’ गावातल्या निम्म्या लोकांना तोवर ते नाव ठाऊकही नव्हतं. ते एकमेकांना विचारू लागले की आपण काय उच्चारायचं नाही. अध्यक्ष विटकोम हे भित्रे गृहस्थ. चुकून तोंडातून निघेल ह्या धास्तीनं त्यांनी “नाला” हा शब्दही टाकला आणि नुसतं “तो विषय” म्हणू लागले. सातवा विषय क्रीडांगणावरच्या सार्वजनिक शौचालयाचा होता, आणि चाललाय तो कुठला हे मागच्यांना कळेना. त्यामुळे क्लेम उभा राहून, मान खाली घालून म्हणाला, “आमच्या घरातल्या माणसाची आजी तिथंच जन्मली,” तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी कळवळून म्हणाली, “अगं बाई! तेव्हा दारं तरी होती का?”

क्लेम खाली बसला. पुढचं सगळं भाषण, दोन पानं, खिशातच राहिलं.

मग नॉर्म उठला. “आपण भावना बाजूला ठेवू. पेलिकन ब्रूक! कानाला कसं वाटतं? पत्ता सांगताना माणसाची मान ताठ होते.”

“तिथं पेलिकन पक्षी कुणी पाहिलाय?” मिसेस द्रागिचनी विचारलं.

“येतील ना! नाव दिलं की येतील.”

“आमच्या गावाचं नाव मी जिवंत असताना चार वेळा बदललं,” मिसेस द्रागिच म्हणाल्या. “कोंबड्या त्याच होत्या.”

ह्यावर मतदान घ्यावं की काय, असा अध्यक्षांचा चेहरा झाला. तेवढ्यात काठीचा आवाज आला. हेझल आंटी उभी राहिली होती. फिबीनं ध्वनिमुद्रण यंत्र पुढं केलं, आंटीनं ते काठीनं हळूच मागं सारलं.

“तुम्ही लोकांनी त्या पाण्यावर नव्वद वर्षं नुसता आकडा ठेवलात,” ती म्हणाली. “तेव्हा कुणाला घाई नव्हती. आता म्हणता, मंगळवारपर्यंत सांगा! माझी बहीण गेली. तिचं नाव दमलंय, निजलंय. निजलेल्याला उठवायचं नसतं. उठलं की मी सांगेन. तोवर पाटी लावा हवी तर. कोरी लावा.”

“कोरी?” अध्यक्ष म्हणाले. “पण नियमात...”

आणि इथं, मंडळी, पोस्टमास्तरानं आपली लाज थोडीशी धुऊन काढली. क्लेमनं खिशातून चार पानी अर्जाची नक्कल काढली, चष्मा लावला आणि उभ्यानं, पहिल्या पानापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचत गेला. चार मिनिटांनी त्यानं मान वर केली.

“पाटी लाकडी असावी असं आहे. खिळे गंजणारे नसावेत असं आहे,” तो म्हणाला. “पाटीवर काही लिहिलेलं असावं, असं कुठंही नाही.”

ठराव एका मतानं मंजूर झाला. ते एक मत अध्यक्षांचं होतं, आणि त्यांनी ते डोळे मिटून दिलं. बाहेर पडताना हेझल आंटी क्लेमजवळ थांबली. “वाचतोस चांगलं,” एवढंच म्हणाली, आणि गाडीत बसली.

कोरी पाटी लागली. चांगली, लाल निलगिरीच्या लाकडाची, गुळगुळीत. गावानं पहिल्या महिन्यात तिची थट्टा केली. कुणी खडूनं ‘लवकरच’ लिहिलं, कुणी हातमोजा टांगला. नॉर्मनं एकदा तिथं एक चिनीमातीचा पेलिकन आणून ठेवला, तो पहिल्याच पावसात वाहून गेला. मग लोक विसरले. उन्हाळा आला, ओढा आटून दोरीएवढा झाला. मग गारठा आला, पाणी वाढलं. सार्जंट आणि तो दुसरा कुत्रा (त्याचं नाव आता ‘भाऊ’ पडलं होतं) पाटीखाली झोपत, आणि समोरच्या बाकावर क्लेम बसे. पाटीवर काही नव्हतं, म्हणून ती वाचायला वेळ लागे.

रविवारी चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसायचा. समूहगान सुरू झालं की शेजारची जागा ऐकू यायची. बायको वरच्या पट्टीत गायची, जरा बेसूर, पण सगळ्यांच्या आधी सुरू करायची आणि सगळ्यांच्या नंतर थांबायची. आता गाणं वेळेवर संपत असे. संपल्यावरच्या त्या शांततेत क्लेमच्या जिभेला त्या नावाची चव यायची, आणि तो पुस्तक मिटायचा.

त्याला एक भीती होती, ती त्यानं सार्जंटलासुद्धा सांगितली नाही. हाक मारायची राहून राहून, आपण तिला हाक कशी मारायचो तेच विसरलो तर? पहिलं अक्षर ओढायचं आणि शेवटचं सोडून द्यायचं, की उलट?

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात वॉटलची झाडं फुलून पिवळीधमक झाली. एका शनिवारी सकाळी क्लेम दुसरा कप ओतत होता, आणि दाराशी काठी वाजली. हेझल आंटी, छोटी, आणि मागं दहा-बारा गणगोत. आंटीच्या हातात हिरव्या पानांच्या डहाळ्या होत्या.

“खिडक्या उघड,” ती म्हणाली.

पत्र्याच्या बादलीत पानं पेटवली. पांढरा, ओला धूर खोलीखोलीतून फिरला: तिच्या कपाटातून, शिवणयंत्रावरून, मागच्या दारातून बागेत. सगळे धुरामागं चालत ओढ्यापर्यंत गेले. आंटीनं आजीच्या भाषेतलं एक भजन म्हटलं, जुन्या मिशनऱ्यांच्या चालीवर, थरथरत्या आवाजात. ते संपल्यावर ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली,

“यालुरी.”

घ्या. आता तुम्हीही घ्या. मोकळीक आहे.

छोटी रडायला लागली. तिचं नावही तिला परत मिळालं होतं ना! सगळ्यांनी एकेकानं ते म्हटलं. मग आंटी क्लेमकडे वळली. “तू म्हण.”

क्लेमनं तोंड उघडलं. दोन वर्षं दोन महिने तो ह्याचसाठी थांबला होता. पंचवीसेक डोळे त्याच्याकडे लागले होते. तोंडातून निघालं ते असं: “चहा ठेवलाय.”

सगळे हसले. आंटी तर काठीवर वाकून हसली. “पाहुणा रे पाहुणा,” ती म्हणाली, पण त्याच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. मग चहा झाला, डँपरच्या, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या जाड भाकरी आणि सिरप झालं, आणि चार वाजता सगळे गेले. गाड्या वळल्या. घरात धुराचा वास आणि चौदा उष्टे कप राहिले.

आठवड्यानं माणसं येऊन पाटीवर अक्षरं कोरून गेली. क्लेम रोज बाकावर बसून ती वाचे. मनात. नाव मोकळं झालं होतं, पण घ्यायचं कुणासमोर? कुत्र्यांसमोर म्हणून पाहिलं, ती दोघं आपल्याला जेवायला बोलावलं असं समजली. मागच्या दारात उभा राहिला. बाग तिच्याशिवायची होती. हाक मारायला नाव असून चालत नाही, लोकहो. ओ देणारं कुणीतरी लागतं.

मंगळवारी ओढ्यात बाजाराची एक ढकलगाडी पडलेली दिसली. नागरिक म्हणून तक्रार करणं कर्तव्य होतं. त्यानं काउन्सिलला फोन लावला.

“नमस्कार, मी शॅनेल. काय तक्रार आहे?”

“पाण्यात ढकलगाडी पडलीय.”

“कुठल्या पाण्यात?”

“बँक्सिया गल्लीच्या मागं.”

“मागं दोन आहेत हो. मला नाव सांगावं लागेल, त्याशिवाय तक्रार पुढं जात नाही.”

पोस्टमास्तराला नियमाचं म्हणणं नेहमीच पटत असे. त्यानं घसा साफ केला. “यालुरी,” तो म्हणाला. पहिलं अक्षर ओढून, शेवटचं सोडून. जमलं.

“यालुरी,” फोनवरची मुलगी लिहिता लिहिता म्हणाली. “बरोबर? यालुरी?”

“हो,” क्लेम म्हणाला. “बरोबर.”

ढकलगाडी गुरुवारी काढली. पुढच्या मंगळवारी त्यानं एका तुटक्या फांदीची तक्रार केली. त्याच्या पुढच्या मंगळवारी बेडकांची, ते जरा जास्त ओरडतात अशी. मग बदकं कमी झाल्याची. मग वाढल्याची. काउन्सिलच्या नोंदीत त्या वर्षी सगळ्यांत जास्त तक्रारी त्या ओढ्याच्या आहेत, आणि त्याच्याइतका स्वच्छ ओढा त्या गावात दुसरा नाही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी तो सकाळी ओढ्याला दोन फेऱ्या घालून आला. काही म्हणजे काही सापडलं नाही. पाणी नितळ, काठ झाडलेला, बेडूकसुद्धा गप्प. तरी नऊ वाजता त्यानं फोन लावला. माणूस एकदा खोटं बोलला होता, पुन्हा बोलायचं नव्हतं.

“अंकल क्लेम ना?” शॅनेल म्हणाली. “बोला. आज काय झालं?”

“आज...” क्लेम म्हणाला, “आज सगळं ठीक आहे.”

पलीकडे पेन उचलल्याचा आवाज आला.

“बरं, लिहून घेते,” ती म्हणाली. “कुठं ठीक आहे, अंकल? मला नाव सांगावं लागेल.”